स्थळांचा दुर्लौकिक : तो जडतो कसा व सुटतो कसा

व्यक्तीप्रमाणे स्थळालाही लौकिक असतो आणि व्यक्तीप्रमाणेच दुर्लौकिकही. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. व्यक्तीचा दुर्लौकिक बहुधा तिच्या स्वतःच्या एखाद्या कृतीतून उद्भवतो. स्थळाचा दुर्लौकिक मात्र तेथे राहणाऱ्या, पण मूळ घटनेशी कसलाही संबंध नसलेल्या सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली कलंकाच्या सामाजिक स्वरूपाची मीमांसा केली, तेव्हा शरीराचा, चारित्र्याचा आणि कुळाचा असे त्याचे तीन प्रकार त्यांनी कल्पिले होते. स्थळाचा कलंक त्या वर्गीकरणात नव्हता. पुढे लोइक वाकाँ यांनी फ्रान्स व अमेरिका येथील उपेक्षित वस्त्यांच्या अभ्यासातून ती उणीव भरून काढली. तथापि त्यांचे एकक शहरातील वस्ती हे होते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करू लागल्यास ते एकक अपुरे पडते, कारण येथे दुर्लौकिक पुष्कळदा सबंध जिल्ह्याला जडतो. यवतमाळ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या जिल्ह्यात राजूर नावाचे एक गाव वणी तालुक्यात आहे. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ही त्याची ओळख. याच नावाचे दुसरे गाव कळंब तालुक्यात, कापसाच्या पट्ट्यात आहे. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन या दुसऱ्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या त्या पत्नी. उद्घाटक म्हणून प्रथम इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. ते ऐन वेळी मागे घेण्यात आले, मोठे वादंग माजले आणि त्यानंतर हा मान येडे यांच्याकडे आला. या निवडीचे दोन अर्थ संभवतात. ज्या स्त्रियांच्या दुःखाला व्यासपीठ मिळत नाही त्यांतील एकीला मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर सन्मानाने आणले गेले, हा पहिला. दुसरा असा की, जिल्ह्याचा चेहरा म्हणून कोणास पुढे करावे असा प्रश्न पडताच आयोजकांनाही प्रथम शेतकऱ्याची विधवाच आठवली. म्हणजे बाहेरच्यांनी दिलेले नाव आतल्यांनीही स्वीकारले होते. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. याच यवतमाळला १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झाले होते, तेव्हा असा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. दोन संमेलनांच्या मधल्या काळात असे काय घडले, याचा शोध घेणे उद्बोधक ठरते.

घटना घडली की दुर्लौकिक जडतो, ही समजूत सर्वसामान्य आहे. पण ती पुराव्याला टिकत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराची कायाहोगा नदी २२ जून १९६९ रोजी पेटली. पाण्यावरील तेलाचा थर पेटून लागलेली ही आग लहान होती व थोड्याच वेळात विझली. त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने या आगीविषयी लिहिले आणि क्लीव्हलँड हे नाव प्रदूषणाचा समानार्थी शब्द होऊन बसले. परंतु ती नदी पहिल्यांदा पेटली होती असे मुळीच नव्हे. १८६८ पासून ती अनेक वेळा पेटली होती, आणि १९५२ ची आग तर कितीतरी मोठी होती. इतकी की, ‘टाइम’ने १९६९ च्या वृत्तासोबत जे छायाचित्र छापले ते वस्तुतः १९५२ चे होते. १९५२ मध्ये नदीवरची आग हा कारखानदारीचा अटळ उपसर्ग मानला जाई. १९६९ पर्यंत जनमत बदलले होते आणि तीच गोष्ट आता लांछनास्पद ठरली. घटना जुनी होती, ऐकणारे नवे होते.

यवतमाळच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी आपली जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा इतिहास आज बहुधा या घटनेपासून सांगितला जातो व त्या दिवशी अन्नत्यागही केला जातो. परंतु त्या काळी या घटनेमुळे जिल्ह्याला कोणतेही विशेषण लागले नाही. ते लागले ते त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये आपला अहवाल दिला. पाठोपाठ २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसाठी श्रीजित मिश्र यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पी. साईनाथ यांच्या वृत्तलेखांनी हा प्रदेश देशभरच्या वाचकांसमोर आणला. जून २००६ च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. येथून पुढे ‘आत्महत्याग्रस्त जिल्हे’ हा शब्दप्रयोग केवळ वृत्तपत्री राहिला नाही. तो शासकीय कागदपत्रांत रूढ झाला. दुर्लौकिकावर शासनाची मुद्रा उमटल्याची अशी उदाहरणे विरळ.

येथे मोजणीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो या विषयाचा गाभा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे राज्यवार देत आला आहे. जिल्ह्याचा आकडा त्यातून निघत नाही. जिल्ह्याचा आकडा येतो तो महसूल खात्याच्या नोंदीतून. अमरावती विभागात २००१ पासूनची अशी नोंद ठेवलेली आहे. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य द्यावयाचे की नाही हे ठरविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते. जमीन नावावर आहे काय, कर्ज अधिकृत संस्थेचे होते काय, ते थकले होते काय, असे प्रश्न विचारून ती ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारते. ही नोंदवही मदतीसाठी उघडली गेली. परंतु वृत्तपत्रांना दर महिन्याला जिल्ह्याच्या नावाने एक आकडा पुरविण्याचे कामही तिनेच केले. जेथे नोंद काटेकोर तेथे दुर्लौकिक मोठा, असा विपरीत परिणाम त्यामुळे संभवतो. जेथे मोजलेच जात नाही, तो जिल्हा कोरा राहतो.

शिवाय आकडा आणि प्रमाण यांत गल्लत होते. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांहून अधिक होती. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, कोरडवाहू कापसाचे क्षेत्र विस्तीर्ण आहे. निव्वळ संख्येत असा जिल्हा लहान जिल्ह्यांच्या पुढे जाणारच. मिश्र यांच्या अभ्यासाचे महत्त्व असे की, त्यांनी संख्येऐवजी प्रमाणाकडे लक्ष वेधले. महाराष्ट्रातील पुरुष शेतकऱ्यांच्या आत्महत्येचे प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे १५ होते, ते २००४ मध्ये ५७ वर गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे प्रमाण एका व्यवसायाचे आहे, राज्याच्या पातळीवरचे आहे. पश्चिम विदर्भात संकट अधिक तीव्र होते यात शंका नाही; परंतु लोकांच्या स्मरणात व्यवसायाचे प्रमाण राहिले नाही, जिल्ह्याचे नाव तेवढे राहिले. नाव लक्षात ठेवणे सोपे असते.

दुर्लौकिक एकदा स्थिरावला म्हणजे तो नव्या घटना आपल्याकडे ओढून घेतो. २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. २०१८ मध्ये पांढरकवडा–राळेगाव परिसरात १३ माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानल्या गेलेल्या वाघिणीचा प्रश्न देशभर गाजला व २ नोव्हेंबर रोजी ती ठार मारली गेली. पहिल्या घटनेची कारणे औषधांची मिश्रणे, फवारणीची साधने व संरक्षक पोशाखाचा अभाव यांत होती. दुसरीची वनक्षेत्र व गुरचराई यांच्या संघर्षात. कर्जाशी यांचा थेट संबंध नव्हता. तरीही दोन्ही वृत्तान्त ‘आत्महत्याग्रस्त यवतमाळ’ याच कथेतील पुढची प्रकरणे म्हणून वाचले गेले. उलट, वणीचे लोकनायक बापूजी अणे किंवा गहुलीचे वसंतराव नाईक, ज्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो, ही नावे त्या कथेत बसत नाहीत म्हणून जिल्ह्याच्या नावाबरोबर उच्चारली जात नाहीत.

आता दुर्लौकिक सुटण्याचा विचार. सुरतेचे उदाहरण याबाबतीत सर्वाधिक उद्धृत केले जाते, आणि ते योग्यच आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगचे वृत्त पसरले आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. कापडगिरण्यांत व यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी कामगारांचे लोंढे धुळे-जळगावकडे परतले, तेव्हा रोगापेक्षा रोगाची वार्ताच अधिक वेगाने पसरली. अनेक देशांनी भारताशी विमान वाहतूक थांबविली. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास निर्णयाचे अधिकार दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीऐवजी रस्त्यावर हजर राहावयास लावले, सफाईची पाहणी व तक्रारींची तड हा नित्यक्रम केला, आणि बेकायदा बांधकामे पाडताना धनिकांची गय केली नाही. काही वर्षांतच देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली; २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ते इंदूरबरोबर प्रथम क्रमांकावर आले.

या यशोगाथेत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच वर्षी, सुरतेच्या आधी, बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगची लागण झाली होती. मामल्याला सुरतेसारखे नाव चिकटले नाही, आणि सुरतेसारखे भाग्यही लाभले नाही. दुर्लौकिक जडण्यासाठी स्थळाला थोडे तरी मोठेपण लागते. तो पुसून टाकण्यासाठी तर महापालिका, तिचा कर, तिचे कामगार व तिचा आयुक्त हे सारे लागते.

पिट्सबर्गचा अनुभव अधिक संमिश्र आहे. कोळशाच्या धुराने भर दुपारी दिवे लावावे लागत अशा या पोलादनगरीने १९४१ मध्ये धूरनियंत्रणाचा नियम केला. तो महायुद्धामुळे रखडून १९४६ पासून अमलात आला आणि आकाश पुष्कळसे निवळले. पण १९८५ मध्ये एका सुप्रसिद्ध अमेरिकी मार्गदर्शिकेने या शहरास राहण्यास सर्वोत्तम ठरविले, तेव्हा त्याच्या पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक विझत होत्या व हजारो कामगार घरी बसले होते. नाव सुधारले, ते कोणासाठी सुधारले, हा प्रश्न मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नव्हता. न्यू यॉर्कमध्ये १९९० साली दोन हजारांहून अधिक खून झाले होते, २०१७ मध्ये ते तीनशेच्या आत आले. तरीही त्या शहराच्या रात्रीविषयी बाहेरच्यांच्या मनातील भीती आकड्याइतक्या वेगाने उतरली नाही. लातूरची गोष्ट निराळीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने ते नाव जगभर गेले. पण परीक्षांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे दुसरे नाव त्याला मिळाले आणि त्याने पहिल्यास झाकले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली तेव्हा ते तिसऱ्याच कारणाने चर्चेत आले. एकाच स्थळाला एकाहून अधिक नावे असणे, हेही एक प्रकारचे संरक्षण असते.

यवतमाळला यांपैकी कोणता मार्ग मोकळा आहे? सुरतेचा नाही. सुरतेच्या घाणीचे कारण सुरतेत होते व ते दूर करण्याचा अधिकारही सुरतेत होता. कापसाचा भाव यवतमाळात ठरत नाही. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना नव्या शतकाच्या आरंभी मोडकळीस आली, तो निर्णयही यवतमाळात झाला नाही; बियाण्याची किंमत, आयातीचे धोरण, बँकांचा पतपुरवठा व मोसमी पाऊस यांपैकी काहीच जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वाधीन नाही. आयुक्त बदलून हा दुर्लौकिक जाणार नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. येथील दुर्लौकिक हाच मदत मागण्याचा आधार आहे. कर्जमाफीची मागणी करणारे कार्यकर्ते, निधीचे प्रस्ताव पाठविणारे अधिकारी आणि मतदारसंघाची बाजू मांडणारे प्रतिनिधी या सर्वांना ते विशेषण टाकून देणे परवडत नाही. त्याच जिल्ह्यातील व्यापाऱ्याला, कारखाना आणू पाहणाऱ्या उद्योजकाला आणि मुलाचे लग्न जुळविणाऱ्या शेतकरी बापाला मात्र ते नकोसे असते. पुष्कळदा हे दोन्ही हितसंबंध एकाच घरात नांदतात. जुलै २००८ मध्ये लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी मारेगाव तालुक्यातील जळका येथील एका शेतकरी विधवेचा उल्लेख झाला आणि ते गाव एका दिवसात देशाला ठाऊक झाले. तिला मदत मिळाली. शेजारणींना ती त्या प्रमाणात मिळाली नाही. वैशाली येडे यांनी याबाबत निराळी वाट धरली. शेतकरी विधवांच्या जीवनावरील ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले, २०१९ ची लोकसभा निवडणूकही लढविली, आणि ज्या ओळखीमुळे बोलावणे आले तिचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी केला. दुर्लौकिकाचा असा उपयोग त्यातून सुटका नव्हे. पण त्याखाली निमूट दबून राहणेही नव्हे.

वणीजवळचे राजूर या सर्वांपासून दूर आहे असे वाटेल. तसे ते नाही. १९०५ पर्यंत हा प्रदेश वणी जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. आज तेथील खाणकामगाराचा मुलगा पुण्यास शिकावयास गेला आणि त्याने आपला जिल्हा सांगितला, तर त्यालाही कापूस, कर्ज व आत्महत्या यांविषयीच विचारले जाण्याचा संभव अधिक. कोळशाची वाहतूक, भट्ट्यांची धूळ, विहिरींचे पाणी, खाणीवर अवलंबून असलेला रोजगार हे त्याच्या गावाचे प्रश्न जिल्ह्याच्या रूढ नावात मावत नाहीत. जिल्हा हे एकक सोडून तालुका हे एकक धरले, आत्महत्यांची संख्या न घेता शेतकरी लोकसंख्येशी तिचे प्रमाण काढले, आणि अपात्र ठरविलेली प्रकरणेही त्यात मिळविली, तर सोळा तालुक्यांचे चित्र एकसारखे दिसेल असे मानण्यास आधार नाही. अशा अभ्यासाची सामग्री तालुका कचेऱ्यांच्या नोंदींत आहे. प्रत्येक प्रकरणावरील शेरा आणि त्यामागील कारण तेथे लिहिलेले असते.