तांडा एक, दाखले तीन

जगातील निरनिराळ्या लोकसमूहांची ओळख कशावरून ठरते, असा प्रश्न निघाला म्हणजे आपली दृष्टी सहसा परदेशाकडे वळते. आम्ही श्रोत्यांस तितके लांब नेणार नाही. गेवराई, माजलगाव या बाजूस गावापासून थोडे हटून वसलेले तांडे आपण सर्वांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिले आहेत. आत जाऊन बसलेले आपल्यांत किती, हे विचारणे मात्र अडचणीचे ठरेल!

तांड्यावरच्या माणसाला आपण बंजारा म्हणतो, लमाण म्हणतो. ही दोन्ही नावे धंद्यावरून पडलेली दिसतात. बंजारा हे वाणिज्यावरून आणि लमाण हे लवणावरून, म्हणजे मिठावरून, अशी व्युत्पत्ती सांगतात. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारे हे लोक. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे आगगाडी आली आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे तिने उचलले. धंदा बुडाला, नाव मात्र राहिले. त्यातच 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांच्या कपाळी जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. काही प्रांतांत लमाणांच्याही वाट्याला तो आला. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि 'विमुक्त' हा शब्द रूढ झाला.

ही सारी बाहेरच्यांनी दिलेली नावे. तांड्यातला माणूस स्वतःला 'गोर' म्हणवतो आणि बाहेरच्यास 'कोर' म्हणतो. म्हणजे या मंडपातील आपण बहुतेक सारे कोर! युरोपातील रोम लोकही असेच करतात. परक्याला त्यांच्या भाषेत 'गाजो' असा शब्द आहे. रोमांची भाषा मुळात भारतीय कुळातली, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यावरून रोम व बंजारा हे सख्खे भाऊच, असे कोणी उत्साहाने सांगतात. आम्हांस तेवढा उत्साह परवडत नाही. गोरबोली राजस्थानी बोलींजवळची आहे. दोघांचे थेट नाते सिद्ध झालेले नाही.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक घोटाळा नेहमी होतो. वंजारी आणि बंजारा ही नावे कानाला सारखी लागतात, आणि बैलांवरून मालाची ने-आण दोघांच्याही इतिहासात सांगितली जाते. परंतु वंजारी समाज मराठी बोलणारा, शेतीत स्थिरावलेला, भगवानगडाला मानणारा. बंजारांची बोली वेगळी, तांड्याचा नाईक व कारभारी वेगळे, श्रावणात कुमारिकांनी टोपलीत गहू पेरून साजरी करावयाची तीज वेगळी, आणि सेवालाल महाराजांची पोहरादेवी वेगळी. जुना धंदा एक असला म्हणून समाज एक होत नाही.

आता खरी अडचण. बीड जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला ते राज्य भाषेच्या रेषांवर तीन ठिकाणी वाटले गेले. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी मुलूख म्हैसुरात, मराठवाडा मुंबई राज्यात. ज्यांची भाषा तेलुगूही नव्हे, कानडीही नव्हे, मराठीही नव्हे, त्यांचा विचार त्या रेषांत कोठे बसणार? ते तिन्हीकडे विभागले गेले. तेलंगणातील लंबाडा 1976 च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातींत आले. कर्नाटकातील लंबाणी अनुसूचित जातींत आहेत. महाराष्ट्रातील बंजारा या दोहोंत नसून विमुक्त जाती (अ) या 3 टक्क्यांच्या गटात आहेत. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. म्हणून तेच गाणे इकडे देवनागरीत, तिकडे कानडीत, पलीकडे तेलुगूत लिहिले जाते.

2 सप्टेंबर 2025 रोजी मराठा आरक्षणासंबंधी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासननिर्णय निघाला, तेव्हा बंजारांनी विचारले, त्याच संस्थानच्या नोंदी आम्हांस का लागू नयेत? त्याच महिन्यात बीडमध्येही मोर्चा निघाला. आदिवासी संघटनांनी या मागणीला विरोध केला. तेलंगणात तर गोंड आणि लंबाडा यांचे याच प्रश्नावरून उघड वितुष्ट आले आहे. आम्हांस दोन्ही बाजूंचे दुःख खरे वाटते. परंतु आज वाटा ठरवण्यासाठी जुन्या संस्थानच्या कारकुनाने लिहिलेला रकाना चाळावा लागतो, हे आम्हांस विचित्र वाटल्यावाचून राहत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात बीडचे कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, कर्नाटकातील कारखान्यांवरही जातात. तेथे लंबाणी कुटुंब भेटले तर ओळख करून घेण्यास दुभाष्या लागत नाही. गोत्र विचारले की सोयरीक लागते. दाखला काढण्याची वेळ आली म्हणजे मात्र एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी चालत नाही. आपली व्याख्यानमाला भरते त्या सुमारास या टोळ्या परतलेल्या असतात आणि मुलांच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीत खेटे चालू असतात.