साइड बेट आणि पत्तेमोजणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पत्ते मोजणं शिकवावं लागत नाही. किती दश्श्या गेल्या, हुकुमाची किती पानं बाहेर आली, एक्का अजून कोणाच्या हातात आहे, हे डोक्यात ठेवून उतारी करणारा भिडू आपल्याकडे घरोघरी असतो. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे गोव्याची सहल ठरली की असा एखादा भिडू मला हमखास गाठतो. ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून कॅसिनोला हरवता येतं हे त्याने सिनेमात पाहिलेलं असतं. त्याचा प्रश्न असतो साइड बेटचा. मुख्य पैजेवर रुपयाला रुपया मिळतो आणि शेजारच्या छोट्या गोलात ठेवलेल्या पैजेवर रुपयाला पंचवीस, मग मोजणी तिथेच का करू नये?

प्रश्न रास्त आहे, पण त्यात तीन-चार गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिला स्मरणशक्तीचा. सहा कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणजे ३१२ पानं. ती कोण लक्षात ठेवणार? कोणीच ठेवत नाही. हाय-लो नावाच्या सर्वांत रुळलेल्या पद्धतीत दुर्री ते छक्की यांतलं पान दिसलं की एक मिळवायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायच्या. आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की एक वजा करायचा. डोक्यात एकच बेरीज चालू राहते. त्या बेरजेला न वाटलेल्या कॅटांच्या संख्येने भागलं की खरा आकडा मिळतो. बेरीज +६ असेल आणि तीन कॅट उरले असतील तर +२. एकच कॅट उरला असेल तर +६. हा आकडा एकाने वाढला की मुख्य खेळात खेळाडूच्या बाजूने साधारण अर्धा टक्का फरक पडतो. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकावर हिशेब करून १९६२ साली ‘बीट द डीलर’ या पुस्तकात मोजणीचं तत्त्व जगासमोर ठेवलं, ते आजही खरं आहे.

इथून पुढचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ‘आकडा वर गेला म्हणजे पत्ते आपल्या बाजूचे झाले, आता कुठलीही पैज लावा.’ असं नसतं. हाय-लो उरलेल्या पत्त्यांना एकच प्रश्न विचारते : मोठी पानं जास्त उरली आहेत की लहान? मुख्य खेळाला तोच प्रश्न लागू पडतो, कारण मोठी पानं जास्त असली की एक्का आणि दहा (म्हणजे दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) यांचा ब्लॅकजॅक जास्त वेळा जुळतो आणि सोळावर पान घ्यावंच लागणारा डीलर जास्त वेळा एकवीसच्या पलीकडे जातो. प्रत्येक साइड बेटचा प्रश्न मात्र वेगळा असतो, आणि हाय-लोचं उत्तर तिथे बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतं.

सर्वांत जुनी साइड बेट म्हणजे इन्शुरन्स. तिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण तिच्याइतकी दिशाभूल दुसऱ्या कुठल्याच नावाने केलेली नाही. डीलरचं उघडं पान एक्का असलं की तो विचारतो, इन्शुरन्स घेणार का? मूळ पैजेच्या निम्म्यापर्यंत रक्कम लावायची आणि डीलरचं झाकलेलं पान दहा किमतीचं निघालं तर दुप्पट मिळवायची. लोक म्हणतात, ‘हात चांगला असेल तर तो राखायला विमा घ्यावा.’ हे गणित उलटं आहे.

घरात कॅट असेल तर पटवून घ्या. डीलरचा म्हणून एक एक्का बाजूला काढा. तुमच्या हातात दोन दहा, म्हणजे वीस, असा झकास हात आहे असं धरा आणि तीही पानं काढा. उरली ४९. त्यांत दहा किमतीची पानं चौदाच. ही पैज ४९ वेळा शंभर-शंभर रुपयांनी लावली तर सरासरीने १४ वेळा २०० मिळून २,८०० येतील आणि ३५ वेळा १०० जाऊन ३,५०० जातील. लावलेल्या ४,९०० रुपयांपैकी ७०० गेले, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त. आता तुमच्याकडे एक्का आणि राजा आहे असं धरा. उरलेल्या ४९ पानांत पंधरा दहा, तोटा आठ टक्के. आणि हातात नव्वी-सत्तीसारखा रडका सोळा असेल तर सोळाच्या सोळा दहा बाहेरच, तोटा फक्त दोन टक्के. हात जितका चांगला, तितका हा विमा वाईट. तुमच्या हाताचं रक्षण तो करतच नाही; ती डीलरच्या झाकल्या पानावर लावलेली निराळी पैज आहे. ब्लॅकजॅक आला असताना ‘रुपयाला रुपया घ्या आणि मोकळे व्हा’ असं डीलर सुचवतो, तोही हाच विमा, वेगळ्या शब्दांत. सहा कॅटांच्या खेळात फक्त डीलरचा एक्का दिसलेला असताना दर शंभर रुपयांमागे ७ रुपये ४० पैसे कॅसिनोकडे राहतात.

तरीही मोजणी खरोखर उपयोगी पडते अशी साइड बेट हीच आहे. उरलेल्या पत्त्यांत एक तृतीयांशाहून जास्त दहा असतील तर इन्शुरन्स फायद्याचा होतो, आणि हाय-लोचा खरा आकडा +३ किंवा वर असेल तेव्हा मोजणारे तो घेतात. तिथेही हाय-लो थोडी चुकते, कारण ती एक्क्याला दहाबरोबर एकाच टोपलीत टाकते आणि इन्शुरन्सच्या दृष्टीने एक्का हे नुसतंच दहा नसलेलं पान आहे. दहा आणि इतर पानं वेगळी मोजण्याची थॉर्पची पद्धत या एका बाबतीत जास्त अचूक होती.

आता रुपयाला पंचवीसवाली. परफेक्ट पेअर्समध्ये तुमची पहिली दोन पानं जोडीची आली की पैसे मिळतात : रंग वेगळा असेल तर ६, रंग एक पण चिन्ह वेगळं असेल तर १२, हुबेहूब तेच पान असेल तर २५. सहा कॅट असताना पहिल्या पानानंतर ३११ पानं उरतात. त्यांत अनुक्रमे १२, ६ आणि ५ पानं तुमच्या कामाची, बाकी २८८ पैसे घालवणारी. शंभरामागे तोटा ६ रुपये ११ पैसे. इथे मोठी पानं उरली की लहान, याने काहीच बिघडत नाही. दोन राजे हीसुद्धा जोडी आणि दोन दुर्र्या हीसुद्धा जोडीच. फायदा शोधायचा तर बावन्न प्रकारच्या पानांचा वेगवेगळा हिशेब ठेवावा लागेल, आणि ते टेबलावर बसलेल्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. ट्वेंटी वन प्लस थ्री या पैजेत तुमची दोन आणि डीलरचं एक अशा तीन पानांचा कलर, सिक्वेन्स किंवा ट्रेल जुळवायचा असतो. तीनपत्तीवाल्यांना ती ओळखीची वाटते. सगळ्या जुळणीला एकाला नऊ देणाऱ्या टेबलावर सहा कॅटांत तोटा ३.२४ टक्के. तिथे मुख्य प्रश्न चिन्हांचा आहे, बदाम किती उरले आणि किलवर किती, आणि हाय-लोला चिन्हं दिसतच नाहीत.

मग ‘कुठलीच साइड बेट हरवता येत नाही’ असं म्हणावं का? तेही चूक. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेवाडात ओव्हर-अंडर थर्टीन ही पैज आली. पहिल्या दोन पानांची बेरीज तेराच्या वर की खाली, एवढंच सांगायचं. बरोबर तेरा आले तर दोन्ही बाजू हरतात. न मोजता खेळणाऱ्याला वरच्या बाजूला साडेसहा आणि खालच्या बाजूला दहा टक्के तोटा. पण इथे बेरजेत एक्का एकच धरला जातो, म्हणजे तो सर्वांत लहान पान. हाय-लो त्याला मोठं मानते. एक्का लहान धरणारी वेगळी मोजणी केल्यावर ही पैज चांगलीच हरवता येते, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. लकी लेडीज ही पहिल्या दोन पानांच्या वीसवर लावायची पैज. काही दरांच्या टेबलांवर तिचा तोटा शंभरामागे पंचवीसच्या आसपास, म्हणजे भयंकर. तरीही दहाची पानं पुष्कळ उरली की तीही खेळाडूच्या बाजूला झुकते. एलियट जेकबसन या गणितज्ञाने अशा अनेक पैजांचे हिशेब मांडले आहेत.

पण हरवता येणं आणि कमाई होणं यांत मोठं अंतर आहे. अशी संधी शूच्या, म्हणजे पिसलेले कॅट ठेवून वाटायच्या डब्याच्या, शेवटाकडेच येते, आणि कॅसिनो शेवटचे एक-दोन कॅट न वाटताच पत्ते पुन्हा पिसतो. सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजण्यासारखं काही उरतच नाही. साइड बेटची कमाल मर्यादा मुख्य पैजेपेक्षा सहसा बरीच कमी असते. आणि जिथे मोठा विजय क्वचित येतो, तिथे हिशेब बरोबर असूनही महिनोन्‌महिने पैसे जात राहू शकतात.

कायद्याबद्दलही गोंधळ आहे. अमेरिकेत डोक्यात पत्ते मोजणं गुन्हा नाही. नेवाडात १९८५ पासून त्यासाठी उपकरण वापरणं मात्र गुन्हा आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली केन उस्टन यांच्या खटल्यात ठरवलं की कॅसिनो स्वतःच्या मर्जीने मोजणाऱ्यांना बाहेर काढू शकत नाही. इतर बहुतेक ठिकाणी काढू शकतो आणि काढतो.

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही; १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइन पैशांचे खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले. राहिला गोवा. तिथल्या कॅसिनोत शिरताना भरलेल्या रकमेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आणि जिंकलेल्या पैशावर ३० टक्के आयकर, तोही हरलेले पैसे वजा न करता. उत्तम मोजणाऱ्याला मुख्य खेळात मिळणारा फायदा एक-दीड टक्क्याच्या घरात असतो. मांडवीवरच्या जहाजात पत्ते मोजून साइड बेटवर कमाई होणार नाही. त्या छोट्या गोलात पैसे ठेवू नका.