रुग्णालयाच्या दप्तराचे आयुष्य

व्याधी बरी झाली, रुग्ण घरी गेला, तरी त्याच्या केसपेपरचे आयुष्य तेथे संपत नाही; किंबहुना खरा प्रश्न तेथूनच उद्भवतो, की हा कागद कोणी, कोठे आणि किती मुदतीपर्यंत जतन करावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या नियमावलीने दाखल रुग्णांच्या नोंदी उपचारारंभापासून 3 वर्षे राखण्याचा दंडक घातला, आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी करताच 72 तासांत त्या देण्याचे बंधनही. 3 वर्षांची ही मुदत मला अपुरीच वाटते. इंग्लंडात सर्वसाधारण प्रौढ रुग्णाचे रुग्णालयीन दप्तर 8 वर्षे, तर बालकाचे सामान्यतः त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत सांभाळतात, कारण बालपणी झालेल्या उपचाराविषयी सज्ञान झाल्यावर दाद मागण्याचा हक्क शाबूत राहावा लागतो.

परंतु जतन करणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर नष्ट करणेही, याचे विलक्षण उदाहरण भारतातील गर्भपातविषयक 2003 च्या विनियमांत सापडते. तेथे स्त्रीचे नाव केवळ एका गोपनीय नोंदवहीत येते; केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही इत्यादी अन्य सर्व दस्तऐवजांत त्याऐवजी अनुक्रमांक तेवढा लिहावयाचा, आणि ती नोंदवही रुग्णालयप्रमुखाच्या ताब्यात राहून, शेवटच्या नोंदीपासून 5 वर्षे उलटल्यावर, नष्ट करावयाची. जुनी चोपडी फाडावयास धजत नसलेल्या आपल्या कारकुनी परंपरेला हे काहीसे अवघडच! मात्र एखादे न्यायालयीन प्रकरण प्रलंबित असेल, तर त्यासंबंधीचे दप्तर, साधारण मुदत संपली तरी, निकाल लागेपर्यंत नष्ट करू नये हे शहाणपणाचे.