पत्र्याची कमान, पऱ्हाटीचा कूड

डुकरीण व्यायला टेकली की आदल्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. ती कळपातून फुटते, एकटीच लांब जाते, दोन-तीन जागा हुंगून सोडून देते. एखादी मनात भरली की मुस्काटाने माती उकरायला लागते. अंगाएवढा खळगा झाला की तोंडात गवत, काटक्या, पालापाचोळा धरून फेऱ्या सुरू. आणलेलं खळग्यात टाकायचं, पुढच्या पायांनी सारखं करायचं, पुन्हा बाहेर. व्यायच्या आधीच्या बारा ते सहा तासांत हा उद्योग अगदी भरात असतो, मग हळूहळू थंडावतो, आणि ती त्या अंथरुणावर आडवी होते. मराठवाड्यात करमाडच्या आसपास नाल्याकाठच्या वेड्या बाभळीत गावठी डुकरीण हेच करते; फक्त तिच्या अंथरुणात बाजरीचं सरमड असतं, बांधावरून ओढून आणलेल्या पऱ्हाट्या असतात आणि गुटख्याच्या पुड्याही असतात.

हे ती कुणाकडून शिकत नाही. १९८० च्या सुमारास एडिंबरोत आलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या दोघांनी फार्मवरच्या डुकरांना झाडंझुडपं, ओढा, चिखल असलेल्या मोठ्या कुंपणात सोडून दिलं आणि वर्षानुवर्षं नुसतं पाहिलं. स्वीडनमध्ये पेर येन्सन यांनीही असंच पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्या शेडमध्ये काढलेल्या वाणाची डुकरीण मोकळी झाली की व्यायच्या वेळी रानडुकरिणीसारखी वागते, असं दोन्ही ठिकाणी दिसलं. अंगात प्रसूतीचे संप्रेरक चढले की ही धडपड सुरू होते. मग समोर गवत असो वा नसो. सिमेंटच्या कोब्यावर बांधलेली डुकरीण तोच कोबा खुरांनी खरडते आणि समोरचा लोखंडी गज चावत राहते.

गज आला तो माणसाच्या हिशेबातून. दोनशे-सव्वादोनशे किलोची आई आणि सव्वा किलोचं पिल्लू, हा मामला मुळातच विषम. आई उठली-बसली की पिल्लू खाली सापडतं. मेलेल्या पिल्लांमध्ये चेंगरून मेलेली सर्वांत जास्त, आणि तीही बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत डुकरं शेडमध्ये आली, तेव्हा यावर पिंजऱ्याचा तोडगा निघाला: रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास, लांबी दोन मीटरच्या थोडी पुढे. डुकरीण त्यात उभी राहते, आडवी होते, वळू मात्र शकत नाही. व्यायच्या आधी काही दिवस आत, पिल्लं तोडेपर्यंत आतच. आईने खळगा करायचा नाही म्हटल्यावर पिल्लांना ऊब द्यायला दिवा आला. मातीशी संबंध तुटला म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन आलं, कारण डुकरिणीच्या दुधात लोह जेमतेम असतं आणि मोकळं पिल्लू ते माती उकरून चाटून मिळवतं. आईचं एकेक काम काढून घ्यायचं आणि त्या प्रत्येक कामावर एक यंत्र, एक औषध किंवा एक मजूर नेमायचा, असा हा कारभार आहे. तो चालतो, नाही असं नाही. पण फुकटात होणारं काम पैसे मोजून करून घेण्याची ही तऱ्हा मला कधीच शहाणपणाची वाटली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एक साधी वस्तू उभी आहे. इंग्लंडच्या नॉरफक, सफक, यॉर्कशर या भागांतून जाताना शेतात रांगेने पत्र्याच्या कमानी दिसतात. आडव्या कापलेल्या पिंपासारखा अर्धगोल, नालीदार गॅल्व्हनाइज्ड पत्रा, मागची बाजू बंद, पुढे दार, आणि बहुधा तळ नाहीच. तिथे त्याला ‘आर्क’ म्हणतात. लांबी अडीच मीटरच्या आसपास, रुंदी त्याहून कमी, उंची माणूस वाकून आत जाईल एवढी. आत गव्हाचं काड अंथरलेलं असतं. एका डुकरिणीला एक कमान. ब्रिटनमधल्या सुमारे चाळीस टक्के डुकरिणी आज अशा उघड्या रानात वितात. हे हौशी लोकांचं खूळ नव्हे. सुपरमार्केटला माल पुरवणारा रीतसर धंदा आहे.

त्या कमानीत जवळून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तिचा उंबरा. दाराबाहेर गुडघ्याच्या खाली येईल एवढी लाकडी किंवा प्लास्टिकची चौकट बसवतात. डुकरीण ती सहज ओलांडून चरायला, पाणी प्यायला जाते. पिल्लांना मात्र ओलांडता येत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पिल्लं चपळ झाली की चौकट काढून ठेवतात. एवढ्याशा अडसराने दोन कामं साधतात. पिल्लं पहिल्या नाजूक दिवसांत थंडीत भरकटत नाहीत, आणि आईला पिल्लांपासून घटकाभर सुटका मिळते. पाजण्याचा तिचा क्रम पाहिला की ही सुटका किती गरजेची आहे ते कळतं. दर पाऊण-एक तासाने ती पाजते, दूध उतरतं ते जेमतेम वीस सेकंद. पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेतं आणि मग तोच धरतं. पुढच्या सडांना दूध जास्त म्हणून त्यांवर मारामारी. पहिल्या दिवसाचा चीक ज्याला मिळाला नाही त्याचं काही खरं नसतं, कारण डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतच नाहीत. जी मिळायची ती चिकातूनच.

वीण संपली, पिल्लं तोडली, की ट्रॅक्टरने कमान उचलून नव्या जागी. जुनं काड काढून टाकायचं आणि जमीन उन्हाला मोकळी सोडायची. पक्क्या शेडमध्ये धुवा, वाळवा, औषध मारा ही जी यातायात असते, तिच्यातली बरीचशी ऊन करून टाकतं.

आता हिशेबाची दुसरी बाजू. शेडमधल्या मोकळ्या, म्हणजे बिनपिंजऱ्याच्या खोलीत पिल्लं जास्त चेंगरतात, हा पिंजरेवाल्यांचा आक्षेप खोटा नाही. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पिंजऱ्याच्या तुलनेत मोकळ्या खोल्यांत पिल्लं दगावण्याचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाला. स्वित्झर्लंडमधल्या साडेसहाशेच्या वर फार्मांच्या नोंदी मात्र सांगतात की मोकळ्या खोलीत चेंगरून जास्त मेली, इतर कारणांनी कमी मेली, आणि एकूण बेरीज दोन्हीकडे सारखीच आली. त्या देशाने व्यायच्या पिंजऱ्यांवर बंदी घातली आणि बदलासाठी शेतकऱ्यांना दिलेली दहा वर्षांची मुदत २००७ मध्ये संपली. स्वीडन आणि नॉर्वे हे देशही पिंजऱ्याबाहेर पडले. युरोपीय संघाने २०१३ पासून गाभण डुकरिणींचे पिंजरे पहिले चार आठवडे वगळता बंद केले; व्यायचे पिंजरे तिथे अजून चालतात. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हाच आहे. म्हणजे इथे नव्याने धंदा मांडणाऱ्याने आधी पिंजरा घ्यायचा आणि वीस वर्षांनी मोडायचा, हा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही.

करमाडच्या शिवारात ही कमान उतरवायची म्हटलं, तर पहिली अडचण पत्र्याचीच येते. इंग्रजांची सगळी रचना थंडीशी भांडणारी. नवजात पिल्लाला बत्तीस-चौतीस अंशांची ऊब लागते, आईला मात्र सोळा ते बावीस अंशच मानवतात. तिथे बाहेर पाच अंश असतात, आई खुशीत असते, पिल्लांसाठी काड वाढवत जायचं. जालना रोडवर वैशाखात पारा चाळिशीपार जातो तेव्हा हे गणित उलटं होतं. पिल्लं मजेत आणि आई धापा टाकते. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. ती खाणं सोडते, दूध आटतं, तगमगीने उठबस वाढते आणि त्या उठबशीत पिल्लं सापडतात. भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली तिला ठेवणं म्हणजे पिंजऱ्यातून काढून भट्टीत घालणं.

उपाय मात्र गावातच आहे. मेढी रोवून वर आडं, त्यावर पाचटाचं किंवा गवताचं जाड छप्पर, आणि तीन बाजूंनी पऱ्हाट्यांचा कूड. वरचा अर्धा कूड शेणमातीने न लिंपता तसाच ठेवला की वारा खेळतो. थंडीत तेवढ्या भागावर गोणपाट सोडायचं. कापूस वेचून झाला की या भागात पऱ्हाट्यांना तोटा नसतो. असं सपार मराठवाड्यातल्या कुणालाही बांधता येतं, सुतार लागत नाही. आतून मात्र एक गोष्ट हवीच: भिंतीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून वीतभर वर, चारी बाजूंनी पक्का आडवा पाइप. डुकरीण भिंतीला घसरत आडवी होते. पाइपामागे तेवढी फट राहिली की पिल्लू तिथे सुटतं. भारतीय शिफारशी छपराखाली सात ते नऊ चौरस मीटर आणि बाहेर त्याहून थोडं मोठं अंगण द्या म्हणतात, ते रास्तच आहे. अंगणात झाडाच्या सावलीला चिखलाचं डबकं ठेवावं. लोक त्याला घाण म्हणतात, पण घाम न येणाऱ्या जनावराचा तो कूलर आहे. विलायती गुलाबी वाणाची कातडी उन्हाने भाजते. काळ्या गावठीला तो त्रास नाही. पहिली डुकरीण निवडताना याचा विचार करावा.

दुसरी अडचण जमिनीची. इंग्लंडात हा धंदा रेताड, पाणी झिरपणाऱ्या जमिनीवर आणि कमी पावसाच्या पट्ट्यातच टिकला. चिकणमातीत तो बुडाला. करमाडला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंग्रजी मापात अगदी बसणारा. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि काळ्या रानात पडला तर डुकरीण पोटापर्यंत रुतेल, पिल्लांचं अंथरूण दोन दिवसांत कुजेल. तेव्हा कपाशीची काळी जमीन यासाठी बादच. उताराची मुरमाड जमीन, जिच्यात पीक धड येत नाही आणि जी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या भावात अजून विकली गेलेली नाही, ती इथे सोन्याची.

तिसरी गोष्ट कुंपणाची. रानडुकरांपासून पीक राखायला आता गावोगावी झटका मशीन आलं आहे. तेच मशीन इथे उलट्या कामाला लावायचं: दोन तारा, एक वीतभर उंचीवर, दुसरी गुडघ्याला. डुकरीण एकदा नाक लावते, पुन्हा वाटेला जात नाही. इंग्लंडात कोल्हा आणि कावळे पिल्लं उचलतात. आपल्याकडे ते काम मोकाट कुत्री करतील, त्यासाठी खाली जाळीही लागेल.

आणि कुंपण दुसऱ्याही कारणाने लागतं. डुकरं मोकळी ठेवणं आपल्याला नवं नाही. कैकाडी आणि वडार समाजातल्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मोकळीच सांभाळली. कोणती डुकरीण कुठल्या झुडपात व्याली आहे आणि तिच्याजवळ केव्हा जायचं नाही, हे त्यांच्या पोरासोरांनाही कळतं. ‘फँड्री’ चित्रपट पाहिलेल्या वाचकाला डुक्कर म्हटलं की पकडापकडी आणि तिच्यामागची अवहेलना आठवते. या जाणकारीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण गावभर हिंडून गटारात आणि हागणदारीत पोट भरणारं डुक्कर हे मोकळं नव्हे, उनाड. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, त्याच्या मांसात गाठी होतात, आणि तीच अंडी घाणेरड्या पाण्यातून किंवा हातांतून माणसाच्या पोटात गेली तर गाठ मेंदूत होते, फिट्स येतात. २०२० मध्ये ईशान्य भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला आणि कळपच्या कळप गेले. त्याच्यावर इलाज नाही. बाहेरचं उष्टं खाद्य हा त्या रोगाचा एक रस्ता आहे, म्हणून शेंद्र्याच्या कँटीनचं उरलेलं फुकट मिळालं तरी नीट उकळल्याशिवाय घालू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं नव्वद लाखांवर आली होती, २०१२ पेक्षा बारा टक्क्यांनी कमी. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर डुकरिणींच्या प्रकल्पाला निम्म्या खर्चाचं, जास्तीत जास्त तीस लाखांचं अनुदान आहे. ज्यांना डुकरिणीची नस कळते त्यांतल्या कितीजणांना शंभरांचा प्रकल्प अहवाल भरता येईल, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. मला विचाराल तर सुरुवात दोन सपारांनी, दोन डुकरिणींनी करावी.

आणि तीही तारीख बघून. डुकरीण ११४ दिवसांनी विते. जाणती माणसं तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं बोटांवर मोजतात. १५ जुलैला भरवली तर ६ नोव्हेंबरला व्यायची. पाऊस सरलेला, ऊन निवलेलं, नव्या सोयाबीनचं भुसकट हाताशी. करमाडला याहून चांगला मुहूर्त नाही. पिल्लं आठ आठवड्यांनी तोडली की ती पाच-सात दिवसांत पुन्हा माजावर येते. तेव्हा हौसेने लगेच भरवली तर दुसरी वीण येते ती ३० एप्रिलच्या सुमाराला, ऐन वैशाखात. दोन माज सोडले, म्हणजे बेचाळीस दिवस थांबलं, तर तीच वीण मृगाच्या पहिल्या पावसावर येते. या बेचाळीस दिवसांत ती शंभरेक किलो खाद्य खाईल आणि देणार काहीच नाही. वैशाखात मरतील त्या पिल्लांची किंमत आणि हे शंभर किलो, यांचा हिशेब ज्याने त्याने आपल्या सपारातली दुपारची हवा बघून मांडावा.