आधी बस, मग धाव

मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराच्या काठी, हिवाळ्यात परवाना काढून बदकांची शिकार करता येते. त्यासाठी लागणारी कुत्री मी तयार करते. अनेकांना वाटतं, कुत्रं बदक पकडतं. तसं नाही. बंदूक माणूस चालवतो. पडलेला पक्षी शोधून आणणं हे कुत्र्याचं काम. जखमी बदक लव्हाळ्यात शिरलं की माणसाच्या हाती लागत नाही, तिथेच तडफडत मरतं. ते मला सहन होत नाही. पाडलेला पक्षी शोधायचा मनापासून प्रयत्न करा, असं इथला कायदाही सांगतो.

चेसापीक जातीच्या कुत्र्याला मेरीलँडने १९६४ साली राज्याचं अधिकृत कुत्रं म्हणून मान दिला, पण माझ्याकडे येतात ते बहुतेक लॅब्राडॉर. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची पाणकुत्री हे त्यांचे पूर्वज. अंगावर दाट दुहेरी केस, बोटांमध्ये पडदा, जाड शेपूट. टाकलेली वस्तू उचलून आणणं त्यांच्या रक्तातच असतं. शिकवावं लागतं ते थांबणं.

म्हणून पिल्लू जरा मोठं झालं की आधी बसवते, मग डमी फेकते. डमी म्हणजे पाण्यावर तरंगणारी, दंडगोल आकाराची वस्तू. नाव घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. ज्याला धीर नाही ते कुत्रं बार होताच झेपावतं. कधी बंदुकीसमोर येतं, कधी होडी उलटवतं. पुढे शिट्टी: एक लांब म्हणजे बस, लागोपाठ छोट्या म्हणजे परत ये.

बंदुकीच्या आवाजाची ओळख फार जपून करून द्यावी लागते. पिल्लू डमीमागे धावण्यात रंगलेलं असताना पहिला बार खूप दुरून काढायचा, मग हळूहळू जवळ यायचं. सुरुवातीलाच कानाशी बार काढला, तर ती भीती जन्मभर जात नाही. पक्षी तोंडात हलकेच धरायचा असतो, म्हणून या पिल्लांशी दोरीची ओढाताण खेळू नये. दात आवळायची सवय लागते.

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण पुण्या-नाशिकच्या फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरचं रक्त तेच. त्याला नुसतं साखळीने फिरवून आणू नका. रोज थोडा वेळ काढा. त्याला बसवा, चेंडू फेका, थांबायला लावा आणि मग सोडा.