वजन घटविण्यासाठी गटाची साथ

वजन कमी करण्याचा निश्चय बहुतेक जण मनाशीच करतात आणि तो मोडतो तेव्हाही त्याची वार्ता दुसऱ्या कुणाला लागत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू झालेला पहाटेचा फेरफटका संक्रांतीपर्यंत कसाबसा टिकतो. पुढे लग्नसराई येते, पाहुणे येतात आणि वजनकाटा पुन्हा पलंगाखाली जातो. हाच निश्चय दहा-बारा जणांनी मिळून केला, ठरावीक दिवशी एकत्र जमून त्याचा हिशेब मांडला, तर परिणाम वेगळा होतो का, या प्रश्नाचा शोध जगभरातील आरोग्यतज्ज्ञ अनेक वर्षे घेत आहेत. गटाची साथ उपयोगी पडते, असे या शोधातून दिसून आले आहे. मात्र ही साथ कशी काम करते आणि ती कुठे अपुरी पडते, हे समजून घेणे तितकेच आवश्यक आहे.

भारतासाठी हा विषय केवळ दिसण्याचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ असल्याचे आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ आणि १९ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १० कोटी भारतीयांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक जण त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरील या मंडळींना मागे फिरविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे थोडेसे वजन घटविणे आणि नियमित चालणे.

भारतीयांच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, तुलनेने कमी वजनातही चरबी अधिक साठते. म्हणून येथील तज्ज्ञांनी मापेही वेगळी ठरविली आहेत. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरवस्तुमान निर्देशांक मिळतो. भारतीयांमध्ये हा आकडा २३ च्या पुढे गेल्यास अतिवजन आणि २५ च्या पुढे गेल्यास लठ्ठपणा मानला जातो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोच्या आसपास गेले की पहिली आणि ६४ किलोला पोहोचले की दुसरी मर्यादा गाठली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते.

दिवाणखान्यातील पहिली बैठक

वजन घटविण्यासाठी गट जमविण्याची कल्पना जगभर पोहोचविण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन निडेच या गृहिणीकडे जाते. १९६१ मध्ये त्यांचे वजन ९७ किलो होते. शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा निवारण केंद्रात त्यांना आहाराचा तक्ता मिळाला आणि दहा आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ९ किलोने घटलेही. पण बिस्किटे लपवून खाण्याची सवय सुटेना, आणि ती कबूल करण्याचे धैर्यही होईना. अखेर त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावून ही गोष्ट सांगून टाकली. तेव्हा प्रत्येकीजवळ अशीच एखादी गोष्ट असल्याचे उघड झाले.

या बैठका दर आठवड्याला होऊ लागल्या, मैत्रिणींच्या मैत्रिणी येऊ लागल्या. १९६२ च्या ऑक्टोबरपर्यंत निडेच यांचे वजन ६४ किलोवर आले आणि १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी स्थापन झाली. निडेच यांच्या हाती असलेला तक्ता नवा नव्हता. तो त्यांना सरकारी केंद्रातूनच मिळालेला होता. नवी होती ती तो तक्ता पाळताना येणाऱ्या अडचणी मोकळेपणाने बोलण्याची जागा.

आकडे काय सांगतात

या पद्धतीची शास्त्रीय कसोटी पुढे अनेकदा घेण्यात आली. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२३ जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला साप्ताहिक बैठकांच्या कार्यक्रमात पाठविण्यात आले, तर दुसऱ्याला माहिती देऊन स्वतःच प्रयत्न करण्यास सांगण्यात आले. दोन वर्षांनंतर बैठकांना जाणाऱ्यांचे वजन सरासरी २.९ किलोने कमी होते. स्वतःच्या बळावर प्रयत्न करणाऱ्यांचे वजन जवळजवळ पूर्वीइतकेच झाले होते. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधील ७७२ जणांच्या अभ्यासात (२०११) डॉक्टरांच्या नेहमीच्या सल्ल्याने वर्षभरात सरासरी सव्वादोन किलो, तर गटाच्या कार्यक्रमाने सुमारे पाच किलो वजन घटले. या दोन्ही अभ्यासांना संबंधित कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

इंग्लंडमधील १,२६७ जणांच्या अभ्यासाने (२०१७) आणखी एक बाब स्पष्ट केली. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांचे वजन वर्षअखेर सरासरी ३.३ किलोने, बारा आठवडे गटात गेलेल्यांचे ४.८ किलोने, तर वर्षभर गटात जाण्याची सोय मिळालेल्यांचे ६.८ किलोने घटले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिन्ही गटांचे थोडे वजन परत वाढले होते, तरी वर्षभराचा गट पुढेच राहिला. गटाचा लाभ त्याच्या कालावधीशी जोडलेला आहे, असा याचा अर्थ आहे.

हे आकडे जाहिरातींतील दाव्यांपुढे फिके वाटतील. परंतु आरोग्याच्या दृष्टीने ते मोलाचे आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात वजन सात टक्क्यांनी घटविण्याचे आणि आठवड्यातून १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. त्यातून मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तेथे प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक मिळाला होता आणि ही सोय अतिशय खर्चिक होती. म्हणून पुढे तोच अभ्यासक्रम गटांमध्ये शिकवून पाहण्यात आला. इंडियानापोलिस शहरातील वायएमसीए केंद्रांतील ९२ जणांच्या प्रयोगात (२००८) गटात शिकलेल्यांचे वजन सहा महिन्यांत सहा टक्क्यांनी कमी झाले, तर केवळ सल्ला मिळालेल्यांचे दोन टक्क्यांनी.

गटात नेमके काय घडते?

गटाचे पहिले काम म्हणजे हिशेब ठेवणे. गुरुवारी संध्याकाळी वजन करावयाचे आहे, हे ठाऊक असलेला माणूस बुधवारी रात्री दुसऱ्यांदा भात वाढून घेताना क्षणभर थांबतो. महिला बचत गटांचा अनुभव असलेल्यांना हे तत्त्व नवे नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या माणसांसमोर हप्ता भरावयाचा असतो, म्हणून एकट्याने न साधणारी बचत गटात साधते.

दुसरे काम व्यावहारिक ज्ञानाचे आहे. ‘तेल कमी खा’ हा सल्ला सर्वांनी ऐकलेला असतो, पण तो स्वयंपाकघरात कसा उतरवावा हे शेजारीणच अधिक नेमके सांगू शकते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० उष्मांक केवळ तेलातून येतात. महिन्याचे तेल एकदाच काढून वेगळ्या बरणीत ठेवणे, फोडणी पळीऐवजी चमच्याने मोजून करणे, सणाच्या दिवशी पुरणपोळी खाऊन त्या जेवणातला भात सोडणे, अशा युक्त्या औषधाच्या चिठ्ठीवर मिळत नाहीत.

तिसरे काम घसरलेल्याला सावरण्याचे. वजन घटल्यावर ते पुन्हा वाढणे हा निव्वळ मनोनिग्रहाचा दोष नसतो. वजन उतरले की तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते, भूक वाढविणारे घ्रेलिन वाढते आणि विश्रांतीच्या अवस्थेतील शरीराचा ऊर्जेचा खर्चही घटतो. हे बदल वर्षभरानंतरही टिकून राहतात, असे २०११ मधील एका अभ्यासात आढळले. त्यामुळे सहाव्या महिन्यात काटा थबकला की एकटा माणूस हताश होतो. गटात मात्र त्याच टप्प्यातून गेलेला कोणीतरी समोर बसलेला असतो.

ही माणसे ओळखीची असतील तर बंध अधिक घट्ट होतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात काही जण एकटे, तर काही जण तीन मित्र किंवा नातलगांसह सहभागी झाले. मित्रांसह आलेल्या आणि परस्परांना साथ देण्याचे शिक्षण मिळालेल्या गटातील ६६ टक्के लोकांनी चौथ्या महिन्यापर्यंत घटविलेले वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे राखले. एकटे येऊन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होते.

भारतातील अनुभव

चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७८ अतिवजनाच्या प्रौढांना गटवर्गांतून आहार आणि व्यायामाचे शिक्षण देण्यात आले आणि गरज पडेल तेथे मेटफॉर्मिन हे औषध जोडण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत तुलनेच्या गटातील सुमारे ३५ टक्के, तर या गटातील सुमारे २६ टक्के लोकांना मधुमेह झाला.

केरळमधील प्रयोग अधिक लोकाभिमुख होता. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नेय्यट्टिनकरा तालुक्यात ६० मतदान क्षेत्रांतील १,००७ जणांची निवड झाली. त्यांपैकी निम्म्या क्षेत्रांत स्थानिक गट उभारण्यात आले. गटांचे नेतृत्व डॉक्टरांकडे नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेल्या गावकऱ्यांकडेच होते. परसबागा, योगवर्ग आणि चालण्याचे गट हा त्यांच्या उपक्रमाचा भाग होता. दोन वर्षांनंतर गटांतील १४.९ टक्के आणि इतरांतील १७.१ टक्के लोकांना मधुमेह झाल्याचे आढळले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. तथापि गटांतील लोकांचा फळे-भाज्यांचा वापर वाढला, मद्यपान घटले आणि मधुमेहाच्या धोक्याचा गुणांकही उतरला. परस्परांच्या साथीने सवयी बदलतात, परंतु रोग रोखण्यासाठी वजनात पुरेशी घट होणेही आवश्यक असते, हा या प्रयोगाचा धडा म्हणता येईल.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या ‘दिवसातून दोनदाच जेवण’ या आहारपद्धतीचा प्रसार मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपवरील गटांतून झाला. आहारपद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, पण गटाच्या माध्यमाची ओढ किती मोठी आहे, हे त्यातून दिसून आले.

मर्यादा आणि सावधगिरी

संगत दोन्ही दिशांना काम करते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ जणांच्या ३२ वर्षांच्या नोंदींवरून २००७ मध्ये असा निष्कर्ष मांडण्यात आला की, मित्र लठ्ठ झाल्यास व्यक्ती लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेण्यात आले. तरीही पहाटे चालून आल्यावर गरम भज्यांवर ताव मारणारी मित्रमंडळी पाहिली, की त्यातील तथ्य कोणालाही पटेल.

लाज वाटावयास लावणारा गट तर अपायकारकच असतो. सर्वांसमोर वजनाचा आकडा वाचून दाखविणे, ‘सर्वाधिक घट’ करणाऱ्याला बक्षीस देणे यामुळे उपाशी राहण्याची स्पर्धा लागते आणि मागे पडलेले सदस्य येणेच बंद करतात. प्रवेशाबरोबर भुकटीचे डबे किंवा चहाची पाकिटे विकत घेण्याचा आग्रह धरणारा गट हा आधारगट नसून विक्रीची साखळी आहे, असे समजावे.

आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची वजन घटविणारी औषधे २०२५ पासून भारतातही विकली जाऊ लागली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वेट वॉचर्स’च्या मूळ कंपनीला कर्जाच्या पुनर्रचनेसाठी अमेरिकेतील दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. मग गटांचे दिवस संपले काय? सेमाग्लुटाइडच्या एका अभ्यासात (२०२२) औषध व आहार-व्यायामाचे मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे आढळले. औषध भूक आवरते. जेवणाच्या आणि चालण्याच्या सवयी मात्र ज्याच्या त्यालाच लावून घ्याव्या लागतात, आणि तेथे सोबतीची गरज उरतेच.

गट कसा असावा?

आठ ते पंधरा जणांचा, जाण्यायेण्यास सोयीच्या ठिकाणी, ठरल्या वारी आणि ठरल्या वेळी भरणारा गट पुरेसा असतो. सोसायटीचे सभागृह, देवळाचा मंडप, कार्यालयातील जेवणाची खोली किंवा महाराष्ट्र मंडळाची वास्तू यांपैकी कोणतीही जागा चालते. वजन एकाच काट्यावर, एकाच वेळी, परंतु खासगीत करावे. ते प्रत्येकाने आपल्या वहीत नोंदवावे. पहिल्या सहा महिन्यांचे उद्दिष्ट स्वतःच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीला चार किलो, एवढेच असावे. ते गाठल्यावर गट मोडू नये. बैठका पंधरवड्याने, मग महिन्याने भराव्यात, कारण घटलेले वजन राखण्याचे खरे काम तेव्हा सुरू होते.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच हृदयरोग असलेल्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे, अन्यथा रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गर्भवती स्त्रियांनी वजन घटविण्याच्या कार्यक्रमात सहभागी होऊ नये.

गटात एक नियम मात्र सर्वांनी पाळावा. ज्या आठवड्यात वजन वाढले असेल, त्या आठवड्याची बैठक चुकवू नये. घरी बसून राहण्याचा मोह त्याच दिवशी सर्वाधिक होतो, आणि गटाची गरजही त्याच दिवशी सर्वाधिक असते.