पांढरा भात व निकस आहार

रत्नागिरी जिल्ह्यांत पूर्वी उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी व कुळथाची पिठी हा नित्याचा आहार असे. पुढें गिरणीचा पांढरा तांदूळ घरोघर आला आणि नाचणी गरिबाचें अन्न म्हणून मागें पडली. 1990 पासून रोजगार हमींतील फळबाग लागवडीनें वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. हातीं पैसा आला, पण ताट निकस झालें.

तांदळाचें सत्त्व कोंड्यांत व अंकुरांत असतें. फार सडल्यानें तें जातें. जावा बेटांत डच वैद्य आइकमन यांस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळलें कीं, सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगानें लुळ्या पडतात व असडी तांदूळ दिल्यास सुधारतात. भात उकडतांना हें सत्त्व कांहीं अंशीं दाण्यांत मुरतें. उकड्या तांदळाचा गुण तो हाच. नाचणींत दर 100 ग्रॅममागें सुमारें 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, पांढऱ्या तांदळांत जेमतेम 10. वाढत्या मुलांच्या व बाळंतिणींच्या हाडांस हा फरक भोंवतो.

सबब बागाईतदार बंधूंनीं वरकसाचा एक तुकडा तरी नाचणीस राखावा, घरचें भात एकसडी करून घ्यावें, आणि कुळीथ ताटांतून जाऊं देऊं नये. बाग विकत घेऊं शकेल तें सारें घ्यावें. अंगांतील बळ मात्र शेतांतच पिकवावें लागतें.